पाऊस, घंटा आणि तीन स्वर

बसा.

खिडकी असेल तर खिडकीपाशी बसा. ओटी असेल तर ओटीवर. पाठ भिंतीला टेकू द्या. हात मांडीवर सैल सोडा.

पेणला पाऊस पडतो आहे.

आज आपल्याला एक गाणे ऐकायचे आहे. पण इतक्यात नाही. आधी पाऊस.

पत्र्यावरचा पाऊस ऐका. मग कौलांवरचा. मग पागोळ्यांचा, अंगणात साचलेल्या पाण्यात पडणारा. हमरापूर-जोहे भागात गणपतींच्या कारखान्यांवर प्लास्टिक ताणलेले असते. त्याच्यावर तो फुटतो आणि पसरतो. भोगावतीच्या पात्रावर पडतो तेव्हा जवळजवळ मुका होतो.

एकेक आवाज सुटा करा.

घाई नको. रायगडात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आपल्याला पुरून उरेल.

श्वास आत येऊ द्या.

श्वास जाऊ द्या.

आता लांबचे ऐका. ढग वाजतात. कुठे वाजतात? डोंगराच्या अंगाला, की धरमतरच्या खाडीवर? उत्तर शोधू नका. कान फक्त तिकडे वळू द्या.

आणि आता, या सगळ्या पावसाच्या पलीकडे, एक घंटा आणा.

मोठी घंटा. लांबची. एक टोल.

थांबा.

पुन्हा एक टोल.

थांबा.

१३ फेब्रुवारी १९७०. शुक्रवार. इंग्लंडमध्ये एक तबकडी बाजारात येते. सुई टेकते, आणि पहिल्यांदा ऐकू येतो पाऊस. मग गडगडाट. मग पावसात वाजणारी चर्चची घंटा.

एवढेच. अजून गिटार नाही. ड्रम नाहीत. माणसाचा आवाज नाही.

बँडचे नाव ब्लॅक सॅबथ. तबकडीचे नाव तेच. पहिल्या गाण्याचेही तेच. हेवी मेटल नावाच्या संगीताचा उगम बहुतेक जाणकार याच तबकडीत दाखवतात. ज्या संगीताला लोक गोंगाट म्हणतात, ते असे सुरू होते. पावसाने. घंटेने. वाट पाहण्याने.

या वाट पाहण्यापाशी बसू या.

पाऊस आपल्याकडे आहे. घंटाही आहे.

पेणहून निघा किंवा रोह्याहून, पालीचा रस्ता वाकण फाट्याला फुटतो. एका बाजूला सरसगड. दुसऱ्या बाजूला अंबा नदी. मधे बल्लाळेश्वराचे देऊळ. १७६० साली नाना फडणवीसांच्या काळात ते लाकडाचे होते ते दगडाचे झाले. दगड सांधताना शिसे ओतले, असे सांगतात. दगडांच्या मधे धातू आहे. तो दिसत नाही. धरून ठेवतो.

देवळात घंटा आहे. ती इथली नाही. युरोपात ओतलेली आहे. वसईच्या मोहिमेनंतर चिमाजी अप्पांनी ती इथे वाहिली, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

१७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला. पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून घाट चढल्या, देवळादेवळांत गेल्या. मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर एक आहे, तिच्यावर १७०७ साल कोरलेले आहे. नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराची आहे. भीमाशंकरला आहे. आणि इथे, आपल्या पालीत.

ती किती लढायांच्या धुरातून आली असेल, हा विचार मनात येईल. येऊ द्या. जाऊ द्या.

घंटेखाली उभे राहा.

हात वर करा. अजून वाजवू नका. लोलकाचे वजन हाताला कळू द्या. थंड आहे. पावसाळी हवेने किंचित ओला आहे.

आता वाजवा.

पहिला आघात सोडून द्या. तो सगळ्यांनाच ऐकू येतो. त्याच्या मागे जे उरते ते ऐका.

आघात विरतो आणि एक खालचा, रुंद आवाज उरतो. तो कानापेक्षा छातीत जास्त असतो. चर्चसाठी ओतलेल्या घंटेत मुख्य स्वराखाली, साधारण एक सप्तक खाली, ही गुणगुण असते. आणि मुख्य स्वराच्या वर, न बोलावता, कोमल गांधार असतो. म्हणून अशी घंटा लग्नात वाजली तरी तिच्यात एक कातरता राहते. ओतणाऱ्याने ती मुद्दाम घातलेली नसते. घंटेच्या आकारातच ती असते.

घंटेच्या धातूत तांबे सुमारे चार भाग, कथील एक भाग. कथील वाढले की घंटा ठिसूळ होते, पण जास्त वेळ घुमते.

हे पुन्हा एकदा वाचा. सावकाश. ठिसूळ होते, आणि जास्त वेळ घुमते.

गुणगुण संपेपर्यंत थांबा.

संपली असे वाटते. अजून थोडी आहे.

आता गाण्याकडे या.

पाऊस आहे. घंटा आहे. आणि एकाएकी गिटार.

पहिल्यांदा ऐकताना अंग दचकते. दचकू द्या. ते आवरू नका. मग बघा, त्या आवाजात स्वर किती आहेत.

तीन.

षड्ज मनात लावा. खालचा. रुंद. त्याच्यात बसा.

आता वरचा षड्ज. एक सप्तक वर. उडी मोठी आहे, पण घर तेच आहे.

आता खाली या. पंचम लागेल. त्याच्यावर टेकू नका. अर्धी पायरी आणखी खाली उतरा आणि तीव्र मध्यमावर थांबा.

इथे.

गिटार वाजवणारा टोनी आयोमी हा स्वर बोटाखाली थरथरत ठेवतो. सोडवत नाही. खालच्या षड्जापासून तो सहा अर्ध्या पायऱ्या दूर. वरच्या षड्जापासूनही सहाच. बरोबर मधे. दोन्ही घरांपासून सारखा लांब.

मधे थांबलात की कसे वाटते, ते बघा. नाव देऊ नका.

युरोपच्या जुन्या संगीतशास्त्रात षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या या अंतराला सैतानाचे नाव मिळाले. हा सैतान मला कधी दिसला नाही. आपल्याकडे पेटीसमोर बसलेल्या मुलाला बरेच गुरू सुरुवातीलाच यमन शिकवतात, आणि यमनात हाच तीव्र मध्यम आहे. खाली तानपुऱ्याचा षड्ज चालू, वर मुलाचा कोवळा तीव्र मध्यम. तेच अंतर.

आपण त्याला वेळ दिली. संध्याकाळ. पूरिया, मारवा, श्री. सूर्य टेकायला आला की तीव्र मध्यम येतो. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी मध्यमाला वाट दाखवणारा स्वर मानले, दिवसाकडे जायचे की रात्रीकडे ते सांगणारा.

म्हणून हे गाणे ऐकायला मी तुम्हाला रोह्याला नेतो. कुंडलिकेच्या काठी. दिवस मावळताना.

पाऊस थोडा उघडला आहे. पाणी गढूळ आहे आणि भरून वाहते आहे. धाटावच्या कारखान्यांची पाळी सुटली आहे. सायकली, मोटारसायकली पुलावरून घराकडे निघाल्या आहेत. स्टेशनाच्या बाजूने गाडीचा आवाज येतो. कोकण रेल्वे इथून, रोह्यापासून सुरू होते. रुळाचा आवाज दक्षिणेला जातो आणि पातळ होत जातो.

उजेड आहे, आणि नाही.

खालचा षड्ज.

वरचा षड्ज.

तीव्र मध्यम.

आणि मग पोकळी.

या पोकळीकडे कान द्या. हेवी मेटल म्हटले की वेग आठवतो. या पहिल्या गाण्यात साधारण साडेचार मिनिटे वेग नाहीच. तीन स्वर येतात. थांबतात. ड्रमवर बिल वॉर्ड आहे; त्याचे टोल लांब लांब पडतात. जो स्वर लागून गेला तो हवेत आहे, जो यायचा तो आलेला नाही. त्या मधल्या जागेला जे वजन येते, त्यालाच मी या संगीतातले जडपण म्हणतो. आवाज कमी करा, तरी ते राहते. करून बघा.

श्वास आत.

पोकळी.

श्वास बाहेर.

पोकळी.

ही चाल कुठून आली? बास वाजवणारा गीझर बटलर संगीतकार होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’ मधला मंगळ वाजवत असे. ते आयोमीच्या कानावर होते. त्यातून त्याच्या हाताला ही चाल लागली.

हाताकडे आलोच आहोत. आता हात बघू या.

तुमचा उजवा हात समोर धरा. तळवा स्वतःकडे. मधले बोट आणि अनामिका यांचे शेंडे बघा. रेषा बघा. अंगठ्याने त्यांना हलकेच स्पर्श करा.

तिथे किती कळते. ओले, कोरडे, खरखरीत, गुळगुळीत.

टोनी आयोमी १७ वर्षांचा आहे. बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला आहे. त्या दिवशी कामाचा शेवटचा दिवस. उद्यापासून संगीत. यंत्र खाली येते, आणि उजव्या हाताच्या याच दोन बोटांचे शेंडे जातात.

तो डावरा आहे. म्हणजे उजवा हात तारा दाबणारा.

इथे थोडे थांबा. पुढे काय झाले हे आपल्याला माहीत आहे. त्याला त्या दिवशी माहीत नव्हते. त्या न माहीत असण्यात क्षणभर बसा.

कारखान्यातला वरिष्ठ त्याच्याकडे एक तबकडी घेऊन येतो. गिटारवादक जँगो राइनहार्टची. जँगोचा हात १९२८ मध्ये आगीत भाजला होता आणि तो डाव्या हाताच्या दोनच बोटांवर मुख्यतः वाजवत असे. टोनी ऐकतो.

मग भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवतो. तिच्या दोन टोप्या करतो, बोटांच्या मापाच्या. वर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवतो, तार निसटू नये म्हणून. नेहमीच्या तारा जड जातात, तर बँजोच्या पातळ तारा लावतो.

टोपीखालच्या बोटाला तार कळत नाही. म्हणून कानाला कळावी लागते.

हे वाक्य मी किती वेळा मनाशी घोळवले आहे. स्पर्श गेला आणि त्याची जागा ऐकण्याने घेतली.

पेणच्या लोकांना बोटांच्या शेंड्यांबद्दल मी काय सांगणार? श्रावणाच्या आधी कुठल्याही गणपतीच्या कारखान्यात जा. दारात चपला काढा. आत शाडूच्या मातीचा ओला, गार वास. कारागीर पाण्यात बोट बुडवतो आणि मूर्तीच्या गालावरून फिरवतो. डोळे बोटाकडे नसतात. बोटालाच उंचवटा कळतो. डोळ्यांची आखणी शेवटी, सगळे रंग झाल्यावर. त्या वेळी त्याचा श्वास थांबलेला असतो.

तुम्हीही थांबवा. एक क्षण.

आता सोडा.

त्या कारागिराच्या दोन बोटांचे शेंडे नाहीत असे समजा. आणि तरी गणपती बसायच्या दिवशी मूर्ती तयार आहे असे समजा. आयोमीच्या गिटारमध्ये जे ऐकू येते ते हे आहे.

दोन बोटे दुखरी, म्हणून तो भरगच्च स्वरसमूहांऐवजी बऱ्याचदा दोनच स्वर एकत्र दाबतो: षड्ज आणि पंचम. तानपुऱ्याची जोडी. आवाज वाढवून, फाडून, फुगवून तो ती वाजवतो आणि एक भिंत उभी राहते. पुढची पन्नास वर्षे जगभरची मुले ही भिंत आपापल्या खोलीत बांधत राहिली. तिच्या पायात एक अपघात आहे.

हात आता मांडीवर ठेवा. डोळे मिटा, हवे तर.

दूर धातू वितळतो आहे.

पेण तालुक्यातच, धरमतरच्या खाडीवर, डोलवीला. वर्षाला १ कोटी टन पोलादाची क्षमता असलेला कारखाना. रात्री महामार्गावरून जाताना ढगाच्या पोटावर त्याचा तांबूस उजेड दिसतो. झोतभट्टी दिवसरात्र चालू असते. लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस लागतात.

बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागात ही चार मुले वाढली तेव्हा असाच धातूचा शेजार होता. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात. गाणारा ऑझी ऑझबर्न काही काळ मोटारींचे भोंगे तपासायच्या कामावर. काही काळ कत्तलखान्यात. दिवसभर भोंग्यांच्या आवाजात उभा राहणारा तो मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याचा पुढचा आवाज तुम्हाला थोडा जास्त कळेल.

डोलवीच्या भट्टीचा घरघराट ऐका. मनातच. त्याच्यात लय आहे का? तिथे राहणाऱ्यांना ती माहीत असते. बंद पडली तर झोपेतूनही जाग येते.

आता एक बारीक गोष्ट बघू या. विजेच्या गिटारची तार पोलादाची असते. तारेखाली लोहचुंबक असतो, आणि चुंबकाभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलाद हलते. तांब्यात वीज जागी होते. ती वीज मोठी होऊन आपल्या कानात येते.

पालीच्या घंटेतले तांबे. डोलवीच्या भट्टीतले लोखंड. गिटारमध्ये दोघे एकमेकांना न शिवता समोरासमोर उभे असतात, आणि मधल्या रिकाम्या जागेत आवाज जन्मतो.

त्या रिकाम्या जागेत राहा.

थोडे अजून.

१६ ऑक्टोबर १९६९. लंडनचा रीजंट साउंड स्टुडिओ. एकाच दिवसात ही तबकडी ध्वनिमुद्रित झाली. चौघे मैफलीत वाजवतात तसे एकत्र वाजवत गेले. निर्माता रॉजर बेन, ध्वनीची बाजू टॉम ॲलमकडे. आयोमीची एक गिटार बिघडली तर त्याने दुसरी घेतली, आणि तिचाच आवाज पुढे त्याची ओळख झाला.

पाऊस आणि घंटा त्या दिवशी नव्हती. ती नंतर मिसळली गेली.

म्हणजे चौघे वाजवत होते तेव्हा त्यांना घंटा ऐकू येत नव्हती. आपल्याला येते. आपण त्यांच्यापेक्षा जास्त ऐकतो आहोत. हे भाग्य सांभाळून ऐका.

मुखपृष्ठ हातात घ्या. टेम्स नदीकाठची मेपलडरहॅमची जुनी पाणचक्की. झाडे, पडलेली पाने, ओलावा. रंग जरा विटके, लालसर. पुढे काळ्या झग्यातली एक बाई उभी. ती काही करत नाही. आपल्याकडे बघते. कीथ मॅकमिलन यांनी काढलेले हे छायाचित्र. बराच वेळ बघितले की बाईची भीती कमी होते आणि त्या जागेची ओल जाणवू लागते.

भीतीचेही बोलू या. मऊपणे.

या संगीतावर सैतानाच्या भक्तीचा आरोप आला, आजही येतो. घरात मुलाच्या खोलीतून हा आवाज आला की आई-वडील घाबरतात. त्यांचे घाबरणे मी हलके मानत नाही. पण गाणे काय सांगते ते ऐकू या.

गीझर बटलरला एका रात्री पलंगाच्या पायथ्याशी काळी आकृती उभी दिसली. त्यातून हे गाणे आले. गाण्यातला माणूस त्या आकृतीसमोर गोठून उभा आहे. तो तिला हात जोडत नाही. तो देवाचा धावा करतो. ऑझीच्या आवाजात तिथे अगदी लहान मुलाची आर्तता आहे, आणि गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत ज्यांनी हे गाणे नुसते नावावरून फेटाळले त्यांनी ती ऐकलीच नाही असे मला वाटते.

कोकणात अंधार सगळ्यांना माहीत आहे. वीज गेली की घर केवढे मोठे होते. लहानपणी माजघरातून ओटीवर येताना मधल्या चार पावलांत काय होत असे, ते आठवा.

आठवले?

ते शरीरात कुठे आहे? पोटात? मानेच्या मागे?

तिथे श्वास जाऊ द्या. पळवून लावू नका. समजावू नका. भीतीला बसायला जागा द्या, आणि तिच्या शेजारी बसा.

खालचा षड्ज.

वरचा षड्ज.

तीव्र मध्यम.

मला या तबकडीने हे शिकवले. भीतीला घाईघाईने पंचमावर नेऊन टेकवायचे नसते. काही वेळ मधे उभे राहता येते.

साडेचार मिनिटांनंतर चाल बदलते. गिटार धावत सुटते, ड्रम मागून येतात, आणि इतका वेळ साठलेले सगळे वाहू लागते. भोगावतीला पूर आल्यासारखे. तिथे काही बघायचे नाही, राखायचे नाही. वाहू द्या. पाय आपोआप ताल धरतील. धरू द्या.

मग गाणे एकदम थांबते.

ती शांतता ऐका. ही सुरुवातीची नाही. हिच्यात सगळे आहे.

पुढचा इतिहास मोठा आहे, आणि आज तो मला भरभर सांगायचा आहे, कारण बसायचे ते या शांततेत. समीक्षकांनी तबकडी झोडपली. लोकांनी ब्रिटनमध्ये तिला ८ व्या क्रमांकावर नेले, अमेरिकेत २३ व्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेली ‘पॅरनॉइड’ जास्त गाजली. मला पहिलीच खोल वाटते. पुढे त्याच बर्मिंगहॅमातून जुडास प्रीस्ट, लंडनमधून आयर्न मेडन, कॅलिफोर्नियातून मेटॅलिका. सगळ्यांच्या मुळाशी ते तीन स्वर.

आणि मुंबई. १९८६ पासून रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक भरू लागले, उघड्या आकाशाखाली. आयर्न मेडनने १ फेब्रुवारी २००८ ला आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवात वांद्रे-कुर्ला संकुलात केली. भयानक मौत नावाचा बँड मुंबईचाच. डेमॉनिक रिझरेक्शन या मुंबईच्या बँडने २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाची पूर्ण तबकडी केली, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. १७३९ मध्ये वसईच्या घंटा देवळांत आल्या. हा सूरही तसाच आला आणि इथल्या देवांपाशी पोचला. त्याला कोणी जिंकून आणावे लागले नाही.

परत या.

पाऊस पुन्हा वाढला आहे.

तुमचे पाय कुठे आहेत ते बघा. जमीन गार आहे. खांदे जरा खाली आले असतील. नसतील तर आता येऊ द्या.

५ जुलै २०२५ ला चौघे शेवटचे एकत्र आले. ॲस्टनमध्ये, व्हिला पार्कच्या मैदानावर. जिथे वाढले तिथेच. ऑझी उभा राहू शकत नव्हता, आसनावर बसून गायला. पहिल्या तबकडीतले एक गाणे त्यात होते. आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर त्या दिवशीही टोप्या होत्या. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. ७६ वर्षांचा होता.

त्याच्यासाठी एक श्वास.

आत.

बाहेर.

आता एक विनंती आहे, आणि ती मी मनापासून करतो. तुमच्या घरात, शेजारात, पेणला किंवा रोह्याला किंवा कुठेही, एखादा मुलगा किंवा मुलगी दार लोटून, हेडफोन लावून हे संगीत ऐकत असेल. काळा टीशर्ट असेल. बोलणे कमी झाले असेल. दार वाजवा. ‘बंद कर’ म्हणायला नव्हे. ‘मलाही ऐकव’ म्हणा. या पहिल्या तबकडीचे पहिले गाणे लावायला सांगा. सहा मिनिटांचे आहे. त्याच्या शेजारी जमिनीवर बसा, मधे बोलू नका, आणि आवाज त्याला हवा तेवढा ठेवू द्या.